भावंडांना नार्निया वाचून दाखवताना

सी. एस. लुइस यांचं ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ हे पुस्तक आपल्याकडे बहुतेक घरांत सिनेमाच्या वाटेनं येतं. मुलं सिंह बघतात, चेटकीण बघतात, शेवटची लढाई बघतात आणि पुस्तक वाचायचं राहूनच जातं. घरात दोन-तीन भावंडं असतील तर मी आग्रहानं सांगेन की हे पुस्तक त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा आणि सगळ्यांना एकत्र बसवून दाखवा. सिंह आणि चेटकीण नंतर येतात. त्याआधी ही चार भावंडांची गोष्ट आहे. धाकटी खरं सांगते आणि तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. तिच्या वरचा भाऊ जाणूनबुजून खोटं बोलतो. मोठी बहीण आईसारखं बोलायला जाते आणि त्यावरून टोमणे खाते. थोरला भाऊ न्याय करायला जातो आणि चिडून बसतो. तुमच्या घरातल्या मुलांना यातलं काहीही समजावून सांगावं लागणार नाही.

आधी पुस्तक कोणतं घ्यायचं ते. नार्नियाची एकूण सात पुस्तकं आहेत. पहिलं १९५० साली लंडनला निघालं आणि शेवटचं १९५६ साली. आज दुकानात जे संच मिळतात त्यांतल्या बऱ्याच संचांत ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ या पुस्तकावर एक आकडा असतो आणि आपल्या पुस्तकावर दोन. हा क्रम कथेतल्या काळाप्रमाणे लावलेला आहे, कारण ‘मॅजिशियन्स नेफ्यू’मध्ये नार्निया हा कपाटापलीकडचा देश कसा जन्माला आला ते सांगितलं आहे. ते पुस्तक लिहिलं गेलं मात्र फार नंतर, प्रसिद्ध झालं १९५५ साली. आकड्यांवर जाऊ नका, कपाटापासूनच सुरुवात करा. ऐन जंगलात, बर्फात, रस्त्यावरच्या दिव्याचा खांब उभा का आहे, कपाटातून वाट का निघते, ही कोडी मुलांच्या डोक्यात काही महिने घोळत राहिली पाहिजेत. उत्तर आधी वाचलं तर कोडं उरतच नाही. शिवाय या पुस्तकात सिंहाचं नाव पहिल्यांदा निघतं तेव्हा निवेदक गृहीत धरतो की वाचकालाही त्या चार मुलांइतकंच ठाऊक आहे, म्हणजे काहीच नाही. तो क्षण साधायचा असेल तर मुलांनी कोरं असायला हवं.

दुसरं, आत पॉलिन बेन्स यांची रेखाचित्रं असलेली आवृत्ती बघा. ही चित्रं पहिल्या आवृत्तीपासूनची आहेत. बेन्स १९२२ साली इंग्लंडात जन्मल्या, पण त्यांची अगदी लहानपणची वर्षं आपल्याकडे गेली. वडील सनदी नोकरीत आग्र्याला होते. नार्नियाचं काम हाती घेतलं तेव्हा त्या जेमतेम पंचविशीच्या पुढे होत्या. बारीक, नाजूक रेघांची ही चित्रं मुलांना फार वेळ बघू द्यावीत. सिनेमातले चेहरे डोक्यात बसण्याआधी ही चित्रं बसली तर चांगलं.

पुस्तकात सतरा प्रकरणं आहेत. इंग्रजीतून सरळ वाचलं तर एक प्रकरण १५-२० मिनिटांत होतं. मराठीतून सांगत, अधूनमधून थांबत गेलात तर अर्धा तास धरा. रोज रात्री एक असं ठरवलं तर तीन आठवड्यांच्या आत पुस्तक संपतं. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुटीत ते छान बसतं. ऐकणाऱ्यातलं धाकटं मूल सात-आठ वर्षांचं असावं. त्याहून लहान मुलाला पहिली सात प्रकरणं ऐकवायला हरकत नाही, पुढचं मात्र थोडं थांबून.

वाचनाला बसण्याआधी एक गोष्ट मुलांना सांगावी लागते, नाहीतर पहिलंच पान अर्धवट कळतं. ही चार मुलं आईवडिलांपासून लांब, एका म्हाताऱ्या प्रोफेसरांच्या भल्यामोठ्या घरात का आली आहेत? पुस्तकात याचं उत्तर एकाच वाक्यात आहे, कारण १९५०च्या इंग्रज मुलांना त्याहून जास्त सांगायची गरजच नव्हती. हवाई हल्ल्यांमुळे त्यांना लंडनहून हलवलं होतं. १ सप्टेंबर १९३९पासून, म्हणजे युद्ध जाहीर होण्याच्या दोन दिवस आधीपासून, सरकारनं शहरांतल्या मुलांना खेड्यापाड्यांत हलवायला सुरुवात केली. पहिल्या काही दिवसांतच सुमारे पंधरा लाख माणसं हलवली गेली आणि त्यांत निम्म्याहून जास्त शाळकरी मुलं होती. गळ्यात नावाची चिठ्ठी, खांद्याला विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्याची पेटी, हातात एखादी पिशवी. आगगाडीतून उतरल्यावर कुणाच्या घरी राहायचं हे बऱ्याच जणांना ठाऊकही नसायचं. लुइस ऑक्सफर्डला शिकवत होते आणि शहराबाहेर ‘द किल्न्स’ नावाच्या घरात राहत होते. त्यांच्याकडेही अशा काही मुली राहायला आल्या. त्याच सुमारास त्यांनी चार मुलांच्या गोष्टीचं एक पान लिहून ठेवलं. त्यात बाकी मुलांची नावं वेगळी होती आणि सगळ्यात धाकटा पीटर होता. पुढे पुस्तक झालं तेव्हा तोच पीटर थोरला झाला.

एवढं सांगितलं की पुरे. इतिहासाचा तास घेऊ नका. पण सांगा जरूर, कारण ही मुलं एका परक्या जागी आधीच येऊन पडली आहेत. कपाटामागचा नार्निया ही त्यांची दुसरी परकी जागा आहे, पहिली प्रोफेसरांचं घर. घरात आई नाही, घर आपलं नाही, बाहेर पाऊस लागलेला, आणि चौघांना एकमेकांशिवाय कुणी नाही. भांडणं का होतात ते इथूनच समजतं.

आता वाचायचं कसं? पहिल्या प्रकरणातली तीन-चार पानं नीट वाचता आली तर बाकी पुस्तक आपोआप जमतं, म्हणून त्यांच्यावर थोडं थांबते. लुसी, सगळ्यात धाकटी, एका रिकाम्या खोलीत मागे राहते. खोलीत एक मोठं कपाट आहे, बाकी काही नाही. खिडकीच्या कट्ट्यावर एक मेलेली माशी. कपाटाला कुलूप असणार असं तिला वाटतं, पण दार सहज उघडतं आणि दोन डांबरगोळ्या खाली पडतात. आत लांबलांब फरचे कोट. ती आत शिरते, फरवर गाल घासते. मागे कोटांची आणखी एक रांग. कपाटाच्या मागच्या फळीवर नाक आपटू नये म्हणून दोन्ही हात पुढे करून ती सरकते. फळी लागत नाही. पायाखाली काहीतरी कुरकुरतं. आणखी डांबरगोळ्या की काय, म्हणून ती वाकून हात लावते, तर हाताला लाकूड लागत नाही, भुसभुशीत आणि गारेगार काहीतरी लागतं. मग तोंडाला टोचतं ते फर नसतं, झाडाची फांदी असते.

हे सगळं लुइस यांनी स्पर्शातून आणि कानांतून लिहिलं आहे. डोळ्यांना दिसतं ते अगदी शेवटी. म्हणून इथे भराभर जाऊ नका. प्रत्येक पावलाला थांबा. डांबरगोळ्या पडल्या, थांबा. हात पुढे केले, थांबा. जमलं तर खोलीतला दिवा बारीक करा. ‘आणि ती जादूच्या देशात पोचली’ असं वाक्य पुस्तकात कुठेही नाही, तुम्हीही ते घालू नका. डांबरगोळ्यांचा वास आपल्याकडच्या मुलांना आजीच्या पेटीतून ठाऊक असतो, त्यामुळे ही जागा मराठीतून सांगताना तर फारच चांगली उतरते.

याच प्रकरणात, आणि पुढेही, लेखक एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावतो. कपाटात शिरताना लुसी दार उघडं ठेवते, कारण स्वतःला कपाटात कोंडून घेणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. तिचा भाऊ एडमंड मात्र दार ओढून घेतो. हे वाक्य कधीही गाळू नका. आपल्या घरांतली लोखंडी कपाटं बाहेरून बंद होतात, आतून उघडत नाहीत. पुस्तक ऐकल्यावर मुलं कपाटात डोकावणारच, तो आनंद त्यांना घेऊ द्या. पण त्या रात्री वाचून झाल्यावर घरातल्या कपाटापाशी त्यांना घेऊन जा, दार कसं लागतं ते दाखवा, आणि आत बसायचं नाही हे स्पष्ट सांगा. फ्रिज, मोठी पेटी, गाडीची डिकी यांचंही त्याच वेळी सांगून टाका.

भाषेबद्दल. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलांना मूळ पुस्तक वाचून दाखवता येईल, तरी मी म्हणेन की मराठीतून सांगा. पुस्तक हातात ठेवा, आदल्या रात्री प्रकरण एकदा वाचून काढा, अडतील अशा जागी पेन्सिलीनं खूण करा आणि मग समोर बसून सांगा. लुइस यांचा निवेदक मधूनच थेट ऐकणाऱ्याशी बोलतो, बजावतो, विचारतो, ‘तुम्हाला असं कधी झालंय का’ अशा सुरात. चातुर्मासातल्या कहाण्या आणि कीर्तन ऐकत आलेल्या आपल्या भाषेत हा सूर मुळातच आहे, तो शोधायला लांब जावं लागत नाही. अधूनमधून एखादं वाक्य मुद्दाम इंग्रजीत वाचा, म्हणजे मूळ पुस्तकाचा नादही कानावर पडेल.

नावं मात्र बदलू नका. पीटर, सुझन, एडमंड, लुसी यांना तसंच राहू द्या. नार्नियाचं जंगल सह्याद्रीत आणू नका. परकी जागा परकी वाटली पाहिजे, पुस्तकाची सगळी गंमत तिथेच आहे. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांपुढे आणला तेव्हा पाणबुडी आणि चंद्र त्यांच्या जागेवरच ठेवले होते, आणि मुलांनी ते आवडीनं वाचलं. नार्नियात भेटणारा फॉन म्हणजे काय हे सांगावं लागेल: वरचं अंग माणसाचं, पाय बकऱ्याचे, डोक्याला छोटी शिंगं. नरसिंह आणि गणपती ठाऊक असलेल्या मुलांना याचं काडीचं आश्चर्य वाटत नाही. छत्री आणि पुडकी घेऊन बर्फातून चालणारा हा फॉन लुइस यांच्या डोळ्यांपुढे सोळाव्या वर्षापासून होता, हे मुलांना सांगितलंत तर त्यांना ते विलक्षण वाटेल. चित्र सोळाव्या वर्षी दिसलं आणि पुस्तक निघालं तेव्हा लेखक पन्नाशी ओलांडलेला होता. बीव्हर हा प्राणी आपल्याकडे नाही, त्याचा एक फोटो आणि त्यानं नदीवर बांधलेल्या बांधाचा एक फोटो सातव्या प्रकरणाआधी दाखवून ठेवा.

परदेशात राहणाऱ्या मराठी घरांत हेच उलटं करून बघण्यासारखं आहे. तिथल्या मुलांना इंग्रजी पुस्तक स्वतःच वाचता येतं. त्यांनी एक प्रकरण वाचावं आणि रविवारी व्हिडिओ कॉलवर पुण्यातल्या किंवा सांगलीतल्या आजीला ते मराठीतून सांगावं. आजी प्रश्न विचारेल, मुलाला शब्द शोधावे लागतील, आणि पुढच्या रविवारी आजीच आधी विचारेल की त्या एडमंडचं पुढे काय झालं.

त्या एडमंडकडे आता वळायला हवं, कारण पुस्तकाचा जीव त्याच्यात आहे. चौथ्या प्रकरणात चेटकीण त्याला टर्किश डिलाइट खायला देते. हा स्टार्च आणि साखरेचा, गुलाबपाण्याचा वास असलेला मऊ पदार्थ, आपल्या कराची हलव्याचा भाऊच म्हणायला हरकत नाही. एवढ्याशा मिठाईसाठी एखादा मुलगा भावंडांना विकेल का, असं आजच्या मुलांना वाटतं, कारण गोड पदार्थ त्यांना हवा तेव्हा मिळतो. इथे सांगायचं की युद्धापासून इंग्लंडात गोळ्या-चॉकलेटांवर रेशन होतं आणि पुस्तक निघालं तेव्हाही होतं, ते १९५३च्या फेब्रुवारीत उठलं. म्हणजे पुस्तक पहिल्यांदा वाचणाऱ्या मुलांना अख्खा डबा भरून मिठाई म्हणजे काय हे स्वप्नातच माहीत होतं. हे कळलं की एडमंड हावरट वाटण्याऐवजी भुकेला वाटू लागतो. शिवाय ती मिठाई मंतरलेली आहे, जितकी खावी तितकी जास्त हवीशी वाटणारी. तो खात असताना चेटकीण काय काय विचारून घेते ते सावकाश वाचा: तुम्ही किती जण, भाऊ किती, बहिणी किती. तोंड भरलेलं असताना बोलू नये हे त्याला आधी आठवतं, मग तेही विसरतो. अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नये असं आपण मुलांना हजारदा सांगतो. या पानावर ते न सांगताच कळतं, म्हणून तुम्ही वरून सांगू नका.

आणि मग पाचव्या प्रकरणात तो जे करतो ते मिठाईपेक्षा वाईट आहे. नार्निया त्यानं स्वतः पाहिलेला आहे. लुसी आनंदानं सगळ्यांना सांगते की आता एडमंडही साक्षीदार आहे. आणि तो थोरल्यांच्या देखत म्हणतो की आम्ही नुसतं खेळत होतो. लुसी रडत निघून जाते. हे वाचताना खोलीतल्या मुलांचे चेहरे बघा. कुणीतरी हे केलेलं असतं आणि कुणीतरी सोसलेलं असतं. इथे आईवडिलांचा हमखास मोह असतो की ‘बघ, परवा तू ताईशी असंच केलं होतंस.’ तो मोह टाळा. मुलांनी स्वतःहून एडमंडला शिव्या घातल्या तर घालू द्या, एखादं मूल गप्प बसलं तर त्याला गप्प बसू द्या. कोण कोणता भाऊ, कोण कोणती बहीण अशी वाटणीही करू नका. एका मुलाला एकदा एडमंड ठरवलंत की पुढची बारा प्रकरणं तो पुस्तक ऐकत नाही, स्वतःचा बचाव करत बसतो.

याच प्रकरणात पीटर आणि सुझन प्रोफेसरांकडे तक्रार घेऊन जातात. लुसीचं डोकं फिरलं असावं ही त्यांची भीती. प्रोफेसर आधी विचारतात की तुमच्या अनुभवाप्रमाणे दोघांत जास्त खरं कोण बोलतं. लुसी, असं उत्तर येतं. मग ते तीनच शक्यता मांडतात: ती खोटं बोलते आहे, तिला वेड लागलं आहे किंवा ती खरं सांगते आहे. खोटं ती बोलत नाही, वेडी ती दिसत नाही, तर मग निदान आणखी पुरावा मिळेपर्यंत काय मानावं लागेल? दहा-बारा वर्षांच्या मुलांना हा युक्तिवाद फार आवडतो आणि ते त्यात भोकंही शोधतात: चौथी शक्यता का नाही, तिला स्वप्न पडलं असेल. शोधू द्या. मोठ्या माणसासाठी मात्र यात वेगळंच काही आहे. घरातल्या धाकट्यानं काही अशक्य सांगितलं, शाळेत अमुक झालं, शेजारी तमुक झालं, तर आपण प्रोफेसरांसारखं आधी विचारतो का, की हे मूल एरवी खरं बोलतं का?

पुढची प्रकरणं भराभर जातात. जेवण, पाठलाग, सांताक्लॉज, वितळणारं बर्फ, यांसाठी काही मार्गदर्शन लागत नाही. अकराव्या प्रकरणातली एक जागा तेवढी चुकवू नका. जंगलात काही प्राणी सणाचं जेवत बसलेले असतात आणि चेटकीण त्यांचे दगड करून टाकते. त्यांत छोटी खारही असते. एडमंड मध्ये पडतो, मार खातो, आणि या गोष्टीत पहिल्यांदाच त्याला स्वतःला सोडून दुसऱ्या कुणाबद्दल वाईट वाटतं. लेखक हे एका वाक्यात सांगून पुढे जातो. वाचणाऱ्यानं तिथे क्षणभर थांबायचं, बस.

चौदावं प्रकरण भीतीचं आहे. एडमंडच्या बदल्यात सिंह, अस्लान, स्वतःला चेटकिणीच्या हवाली करतो. त्याला बांधतात, त्याची आयाळ कापतात, टवाळी करतात आणि दगडी चौथऱ्यावर मारतात. सुझन आणि लुसी झुडपाआडून बघतात. त्या रात्री पंधरावं प्रकरणही त्याच बैठकीत वाचा. हा माझा सगळ्यात ठाम सल्ला आहे. चौदाव्यावर दिवा मालवून ‘उरलेलं उद्या’ म्हणालात तर लहान मूल रात्रभर त्या चौथऱ्यापाशी राहील. दोन्ही प्रकरणं मिळून तासभर जाईल, म्हणून शुक्रवार किंवा शनिवार धरा आणि जेवणं लवकर उरका. मारण्याचा प्रसंग सौम्य करून सांगू नका, वगळूही नका. लेखकानं आधीच संयमानं लिहिलं आहे, घाव पडतो तेव्हा मुली डोळे झाकून घेतात. पंधराव्यात उंदीर येऊन दोऱ्या कुरतडतात, तिथे मुलं पुन्हा श्वास घेतात.

हे ऐकून एखादं मूल विचारेल की ही येशूची गोष्ट आहे का. वसईच्या किंवा अहिल्यानगरकडच्या (पूर्वीच्या अहमदनगरकडच्या) ख्रिस्ती घरांतली मुलं हे न सांगता ओळखतील, बाकीच्यांना कदाचित मोठेपणी कळेल. विचारलं तर खरं सांगा. लुइस तरुणपणी नास्तिक होते, १९३१ साली ख्रिस्ती श्रद्धेकडे परतले. नार्नियासारखा देश खरोखर असता आणि देव तिथे आला असता तर काय घडलं असतं, अशी कल्पना करून त्यांनी हे लिहिलं. विचारलं नाही तर आपण होऊन उलगडू नका. गोष्ट गोष्टीच्या जोरावर उभी आहे. आपली मुलं कर्णाची आणि श्रियाळ-चांगुणेची गोष्ट ऐकतात तेव्हा आपण तरी कुठे प्रत्येक वेळी अर्थ सांगत बसतो?

आईवडिलांनी मात्र याच टप्प्यावर वाचायला हव्यात अशा दोन जागा आहेत. बाराव्या प्रकरणात अस्लान चेटकिणीकडे गेलेल्या चौथ्या भावंडाबद्दल, म्हणजे एडमंडबद्दल विचारतो, तेव्हा पीटर म्हणतो की यात माझीही चूक आहे, मी त्याच्यावर चिडलो आणि त्यानं तो जास्तच बिघडला. सिंह त्याला दोषही देत नाही आणि माफही करत नाही, फक्त बघत राहतो. पुढच्या प्रकरणात एडमंड सुटून येतो. अस्लान त्याला बाजूला घेऊन एकट्याशी बोलतो. काय बोलला ते लेखक आपल्याला सांगत नाही. मग भावंडांकडे घेऊन येतो आणि म्हणतो की झालेल्या गोष्टीबद्दल त्याच्याशी बोलायची गरज नाही. एडमंड प्रत्येकाची माफी मागतो, प्रत्येक जण ठीक आहे म्हणतो, आणि विषय संपतो. सगळ्यांसमोर कान उपटणं नाही, मागचं उकरून काढणं नाही. मुलांच्या भांडणात पंच म्हणून बसणाऱ्या माणसाला या दोन जागांत बरंच काही मिळेल.

पुस्तकातलं सगळंच मान्य करायला हवं असं नाही. दहाव्या प्रकरणात सांताक्लॉज पीटरला ढाल-तलवार देतो, सुझनला धनुष्यबाण आणि शिंग, लुसीला जखमा बऱ्या करणारं औषध आणि खंजीर. आणि मुलींना सांगतो की तुम्ही लढाईत उतरायचं नाही, बायका लढतात तेव्हा युद्ध कुरूप होतं. झाशीच्या राणीची आणि ताराबाईंची नावं ऐकून वाढलेल्या मुली इथे लगेच आक्षेप घेतात, आणि घ्यायलाच हवा. वाक्य गाळू नका. ते वाचा, मुलींना काय म्हणायचं आहे ते ऐका आणि सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा लेखक होता एवढं सांगून पुढे चला.

पुस्तक पूर्ण झाल्यावर सिनेमा. २००५ सालचा अँड्र्यू ॲडम्सन यांचा चित्रपट बघायला चांगला आहे, टिल्डा स्विंटन यांची चेटकीण फारच थंड आणि भारी आहे. तो लंडनवरच्या बाँबफेकीनं सुरू होतो आणि शेवटची लढाई त्यात बराच वेळ चालते. पुस्तकात ती थोडक्यात आटोपते. हा फरक मुलांना आपण होऊन दिसतो का ते बघा.

वाचून झाल्यावर करण्यासारखी एक गोष्ट खुद्द लेखकाच्या घरातून घेता येते. लुइस आणि त्यांचा मोठा भाऊ वॉरन लहानपणी बेलफास्टच्या घरात पोटमाळ्यावर बसून देश रचत. धाकट्याचा देश कपडे घातलेल्या, बोलणाऱ्या प्राण्यांचा. थोरल्याचा देश म्हणजे ‘इंडिया’, त्यानं कधी न पाहिलेला हिंदुस्थान, आणि त्यात त्याच्या आवडीच्या बोटी आणि आगगाड्या. दोघांचे देश वेगळे, दोघांना आपलाच प्यारा. मग त्यांनी नकाशावर मधे समुद्र काढला, बोटींचे मार्ग आखले आणि दोन्ही मिळून एक देश केला, त्याचं नाव बॉक्सन. १९०८ साली त्यांची आई कॅन्सरनं गेली, त्यानंतर दोघे भाऊ एकमेकांच्या आणखी जवळ आले. घरातल्या भावंडांना हे सांगा. एक मोठा कार्डशीट आणा, प्रत्येकाला आपापल्या कोपऱ्यात आपला देश काढू द्या, दुसऱ्यानं त्यात ढवळाढवळ करायची नाही. प्राणी कोणते, राजा कोण, तिथे काय पिकतं, काय खायला मिळतं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. दोन-तीन दिवसांनी मधल्या जागेत रस्ते, बोटी, पूल काय हवं ते काढायला सांगा आणि तुम्ही खोलीतून उठून जा. आठ वर्षांच्याचा देश तेरा वर्षांच्याला बालिश वाटेल, भांडणही होईल, पण कागद टाकून देऊ नका. महिन्याभरानं त्यावर नवी गावं आलेली दिसतील.

पुढचं पुस्तक ‘प्रिन्स कॅस्पियन’ घ्या, चारही भावंडं त्यात परत येतात. ते थोडं संथ आहे, पण त्यानंतरचं ‘व्हॉयेज ऑफ द डॉन ट्रेडर’ हे समुद्रप्रवासाचं पुस्तक काही मुलांना पहिल्याहूनही आवडतं. ‘द हॉर्स अँड हिज बॉय’ वाचताना सावध राहा. त्यातले शत्रू सावळे, पगडी आणि वाकड्या तलवारी वापरणारे दाखवले आहेत, आणि आपल्या मुलांना ते आपल्याच बाजूचे वाटणं साहजिक आहे. ‘मॅजिशियन्स नेफ्यू’मध्ये आजारी आईसाठी औषध शोधणारा मुलगा आहे. घरात कुणाचं आजारपण चालू असेल तर तो भाग आधी स्वतः वाचून मग ठरवा. शेवटचं ‘द लास्ट बॅटल’ बारा वर्षांच्या आत नको. त्याला कार्नेगी पदक मिळालं असलं तरी त्यात मृत्यू बराच आहे आणि सुझनला लेखकानं भावंडांतून वेगळं काढलं आहे, कारण तिला लिपस्टिक, नायलॉनचे मोजे आणि पार्ट्या यांतच रस उरला होता. चारही भावंडांवर जीव लावलेल्या मुलांना हे अन्यायाचं वाटतं. मलाही वाटतं. ते पुस्तक मुलांनी स्वतः वाचावं आणि त्या दिवशी तुम्ही बोलायला मोकळे असावं.